कलेत निपुण व्यक्ती

पेटंट कार्यालयाचं पत्र मंगळवारी आलं
कुपवाडला, एमआयडीसीच्या गेटवर,
रजिस्टरात नोंद होऊन, कोपऱ्याला चहाचा डाग लागून.
परिच्छेद सहा:
द्राक्षवेलीच्या छाटणीतील काड्यांचा कोळसा वापरून
पोलादाच्या रसात कार्बन वाढवण्याची सदर पद्धत
कलेत निपुण व्यक्तीस सहज सुचण्याजोगी आहे.
सबब तीस शोध म्हणता येणार नाही.

मी दोनदा वाचलं.
मग लॅबच्या खिडकीतून पाहिलं.
कलेत निपुण व्यक्ती
उलट्या बादलीवर बसून भाकरी खात होती,
ठेचा संपत आला होता.

दस्तगीर शिकलगार.
पगारपत्रकात हेल्पर, भट्टी क्रमांक दोन.
वडील सायकलवर सहाणेचं चाक बांधून
तासगाव, मणेराजुरी, सावळज हिंडायचे,
ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर कात्र्यांना धार लावत.
पातं टेकलं की ठिणग्या उडायच्या
आणि ते पोराला म्हणायचे, बघ,
लांब सरळ गेली तर लोखंड मऊ,
वाटंत फुटून फुलली तर पोलाद.
मी हेच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकले,
आकृतीसकट, चार मार्कांना.

त्या रात्री ग्रॅफाइटची गाडी निपाणीला अडकली होती.
भट्टीत नऊशे किलो रस उकळत,
कार्बन पॉइंट एकोणीस, हवा होता पॉइंट तीस,
आणि वीज मीटरवर पळत होती.
मॅनेजर फोनवर ओरडत होते, कुणावर ते कळलं नाही.
दस्तगीरनं लॉकरमागून दोन पाट्या ओढल्या,
घरून आणलेला कोळसा, चहाच्या शेगडीसाठीचा,
बोटभर लांब, वाजवला तर काचेसारखा किणकिणणारा.
"टाकू काय?"
मी नको म्हणणार होते.
मी काहीच म्हटलं नाही, आणि त्यानं टाकला.

पॉइंट एकतीस.
सल्फर मात्र होता तिथंच.
मी नमुना पुन्हा घासला, यंत्र पुन्हा लावलं,
कारण बागेत गंधक मारतात हे सांगलीत कुणाला ठाऊक नाही?
त्या काड्यांच्या सालीत तो बसलेला असतो.
वाढायलाच हवा होता.

पुढच्या एक्केचाळीस हीट मी वहीत लिहिल्या.
आलेख काढले, दाव्यांची भाषा शिकले,
ज्यात माणूस कुठंच नसतो,
फक्त 'केले जाते', 'मिसळले जाते', 'आढळून आले'.

उत्तराला तीन महिने होते.
तरी मी त्याच दुपारी खाली गेले, विचारलं,
हे सुचलं कसं?
त्यानं ताटली बादलीखाली सरकवली.
"सुचलं कुठलं, मॅडम.
मजुरीच्या बदल्यात अब्बा मोळी आणायचे.
अम्मी चुलीत घालायची तर डोळे चुरचुरायचे तिचे,
पाणी थांबायचं नाही.
मग सोलायला लागली.
बसून सगळी साल सोलायची, अन् मग जाळायची.
लगीन झाल्यावर बायकोपण तसंच करती.
ह्यात काय हाय?"

मी वर आले.
दावा एक खोडला, पुन्हा लिहिला:
जिची साल प्रज्वलनापूर्वी काढून टाकलेली आहे अशी.
कारणांच्या रकान्यात लिहिलं,
सदर टप्पा ज्ञात साहित्यात आढळत नाही.
ते खरंच होतं. मी सगळं साहित्य चाळलं होतं,
जपानी, जर्मन, रांचीचे दोन प्रबंध.

संशोधकांच्या यादीत आधीच दोन नावं होती,
एक मालकांच्या धाकट्या चिरंजीवांचं, एक माझं.
तिसरं घालायला कंपनीच्या वकिलांशी
पावणेदोन तास फोन चालला. शेवटी ते म्हणाले,
बरं, घाला, पण स्पेलिंग आधारप्रमाणे.

फॉर्मवर सही करताना
त्यानं पेन आधी स्वतःच्या तळव्यावर चालवून बघितलं.
मग सावकाश, पूर्ण नाव.
बाहेर पडता पडता दारात थांबला.
"मॅडम, हे पेटंट झालं
की घरी जाळायला परवानगी लागंल का वो?"

छे, म्हटलं मी. काहीतरीच.

तो गेल्यावर कायद्याचं पुस्तक काढलं,
कलम अठ्ठेचाळीस,
आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतलं.